मुंग्यांची गुणसूत्रे : एका सर्वेक्षणाचे परीक्षण

'जॅपनीज जर्नल ऑफ जेनेटिक्स' या नियतकालिकाच्या ५९ व्या खंडात, १९८४ साली, पहिल्या पानापासून बत्तिसाव्या पानापर्यंत एक निबंध छापलेला आहे. त्याचे नाव मराठीत सांगायचे तर 'भारतीय मुंग्यांचे गुणसूत्र-सर्वेक्षण'. लेखक अकरा आहेत. पहिले नाव जपानमधील मिशिमा येथील राष्ट्रीय आनुवंशिकी संस्थेचे एच. टी. इमाई यांचे, दुसरे बाझेलचे मुंगीतज्ज्ञ सेझारे बारोनी उर्बानी यांचे. पुढे भारतीय नावे येतात : चंदीगडचे जी. पी. शर्मा, कोलकात्याचे ए. के. शर्मा आणि अर्चना शर्मा, म्हैसूरचे एम. आर. राजशेखरसेट्टी. याच यादीत पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील जी. बी. देवडीकर आणि व्ही. जी. वैद्य ही दोन नावेही आहेत. शं. पु. आघारकर यांनी १९४६ मध्ये स्थापन केलेली हीच संस्था १९९२ पासून आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते.

चाळीस वर्षांपूर्वीच्या या निबंधाचे परीक्षण आज कशासाठी? एक तर आपल्या पायाखालच्या मुंग्यांच्या पेशीत डोकावून पाहणारे एवढ्या विस्ताराचे दुसरे भारतीय काम सहज सापडत नाही. दुसरे कारण आपल्या वर्गातले आहे. 'प्रत्येक जातीच्या गुणसूत्रांची संख्या ठरलेली असते' हे वाक्य आपण दरवर्षी फळ्यावर लिहितो. ते कितपत खरे, कोणत्या अर्थाने खरे, आणि ती संख्या कोणी व कशी ठरवली, हे विचारण्यासाठी मुंग्यांसारखे उदाहरण नाही.

मुंगीची गुणसूत्रे कशी पाहतात?

गुणसूत्रे सुटी दिसतात ती पेशी विभागत असतानाच. चालत्या-फिरत्या प्रौढ मुंगीच्या शरीरात विभागणाऱ्या पेशी फार थोड्या. म्हणून संशोधक वारुळातून अळ्या आणि कोष घेतात. अळीची वाढ पूर्ण झालेली आहे, पोटातली घाण तिने टाकून दिली आहे, पण कोषावस्था अजून आलेली नाही, असा एक थोडका काळ असतो. या पूर्वकोषाच्या मेंदूत पेशी भराभर विभागत असतात. नराच्या बाबतीत कोषातील वृषणेही उपयोगी पडतात.

सूक्ष्मदर्शकाखाली सुईने मेंदू काढून तो कॉल्चिसिन मिसळलेल्या सोडियम सायट्रेटच्या एक टक्का द्रावणात सुमारे वीस मिनिटे ठेवतात. कॉल्चिसिनमुळे विभाजन मध्यावस्थेत थांबते. द्रावण पातळ असल्याने पाणी पेशीत शिरते, पेशी फुगते आणि गुंतलेली गुणसूत्रे एकमेकांपासून दूर होतात. मग अॅसिटिक आम्ल व अल्कोहोल यांच्या मिश्रणाने पेशी स्थिर करून काचपट्टीवर हवेत वाळवतात आणि गिम्सा रंजकाने रंगवतात. ही हवेत वाळवण्याची पद्धत इमाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंग्यांसाठी वर्षानुवर्षे सुधारत नेली आणि तिचे सुधारित रूप १९८८ मध्ये प्रसिद्ध केले.

हे तपशील मुद्दाम दिले आहेत. पुस्तकातील एका आकड्यामागे एवढी कामे असतात, आणि त्यातील प्रत्येक पायरीवर चूक होऊ शकते. पेशी फुटली तर एखादे गुणसूत्र बाहेर निसटते. दोन गुणसूत्रे एकमेकांवर पडली तर एकच दिसते. बाजूच्या पेशीतले एखादे वाहत आले तर संख्या वाढते. म्हणूनच एका पेशीवरून संख्या ठरत नाही. अनेक पेशी, अनेक जीव, आणि शक्य तर अनेक वारुळे तपासावी लागतात.

सर्वेक्षणाचा मुख्य प्रश्न

निव्वळ आकड्यांची यादी करणे एवढाच हेतू असता, तर हा निबंध फार काळ कोणी वाचला नसता. इमाई यांच्यापुढे एक प्रश्न होता : उत्क्रांतीच्या ओघात गुणसूत्रांची संख्या वाढत जाते की घटत जाते?

दोन्ही गोष्टी घडू शकतात. गुणसूत्रबिंदू मध्यावर असलेले एखादे लांब गुणसूत्र त्या बिंदूपाशी तुटले तर दोन आखूड गुणसूत्रे होतात, संख्या एकाने वाढते. याला विखंडन म्हणू. उलट, टोकाशी गुणसूत्रबिंदू असलेली दोन गुणसूत्रे जुळली तर एक लांब गुणसूत्र होते, संख्या एकाने घटते. हे संमीलन. दोन्ही प्रकारांत जनुके जवळजवळ तेवढीच राहतात, फक्त त्यांची बांधणी बदलते. एका जाड वहीच्या दोन पातळ वह्या केल्या किंवा दोन पातळ वह्या एकत्र शिवल्या, तरी मजकूर तोच राहतो, तसेच.

त्या काळी तीन मते होती. संमीलन हीच मुख्य वाट आहे, म्हणजे पूर्वजांत संख्या जास्त होती, हे पहिले. विखंडन मुख्य आहे, पूर्वजांत संख्या कमी होती, हे दुसरे. मधल्या संख्येपासून दोन्ही दिशांना बदल झाले, हे तिसरे. इमाई, क्रोझियर आणि टेलर यांनी १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियातील मुंग्या तपासून विखंडनाच्या बाजूने कौल दिला होता. पुढे १९८६ मध्ये इमाई आणि सहकाऱ्यांनी यामागचे कारण म्हणून 'किमान आंतरक्रिया' या नावाचे गृहीतक मांडले.

त्याचा आशय असा : अर्धसूत्री विभाजनाच्या सुरुवातीला गुणसूत्रे केंद्रकाच्या आवरणाला टोकांनी अडकून आत लोंबकळत असतात. ती लांब असतील तर एकमेकांना वारंवार घासतात. घासलेल्या जागी तुटून चुकीच्या जोडीदाराशी जुळण्याचा धोका असतो, आणि अशा अदलाबदली बहुधा घातक ठरतात. दोरीवर नऊवारी लुगडी वाळत घातली तर वाऱ्याने ती एकमेकांत गुंततात, हातरुमाल गुंतत नाहीत. म्हणून थोड्या लांब गुणसूत्रांपेक्षा पुष्कळ आखूड गुणसूत्रे अधिक सुरक्षित, आणि दीर्घकाळात निवड त्यांच्या बाजूने होईल.

भारतीय सर्वेक्षणाकडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. जपान आणि ऑस्ट्रेलियाच्या मुंग्यांवरून बांधलेला विचार उष्ण कटिबंधातील, वेगळ्या कुळांच्या मुंग्यांना लावून पाहण्याचा हा प्रयत्न होता.

गुण कोणते?

पहिला गुण विस्तार. एका देशातील, अनेक उपकुळांतील मुंग्या एकाच पद्धतीने तपासल्यामुळे तुलना शक्य झाली. निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या पद्धतींनी काढलेले आकडे शेजारी मांडले, तर फरक मुंग्यांचा की पद्धतींचा, हे सांगता येत नाही. मुंग्यांच्या गुणसूत्रांची जी जागतिक सूची लोरिते आणि पालोमेके यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात सुमारे ७५० जातींची माहिती आहे, आणि भारताच्या वाट्याला आलेल्या नोंदींमागे या निबंधाचा आधार मोठा आहे.

दुसरा गुण असा की, या नोंदींनी एक रूढ समजूत मोडण्याचे साधन आपल्या हाती दिले. आंब्याच्या पानांचे गोळे करून राहणारी लाल ओंबिल आपण सर्वांनी पाहिली आहे, बहुतेकांनी तिचा चावाही घेतला आहे. तिच्या राणी आणि कामकरी यांच्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात, नरात ८. दक्षिण भारतात आढळणाऱ्या, उडी मारून भक्ष्य पकडणाऱ्या हार्पेग्नॅथॉस सॉल्टेटर या मुंगीत मात्र ६६ असतात, नरात ३३.

आता या दोन मुंग्यांचे समाज पाहा. ओंबिलांची वसाहत अनेक झाडांवर पसरते, तिच्यात लाखो कामकरी असतात, त्या अळ्यांच्या रेशमाने पाने शिवतात. हार्पेग्नॅथॉसची वसाहत लहान, कामकऱ्यांची संख्या बहुधा शे-पन्नासच्या घरात. राणी मेली तर काही कामकरी मुंग्या स्वतःच अंडी घालू लागतात. जो समाज अधिक गुंतागुंतीचा त्यात गुणसूत्रे १६, आणि साध्या समाजात ६६! 'गुणसूत्रे जास्त म्हणजे जीव अधिक प्रगत' असे विद्यार्थी मनाशी धरून बसतात. ते खोडून काढायला यापेक्षा जवळचे उदाहरण मिळणार नाही. प्रयोगशाळेत ज्याच्या मुळाचे टोक आपण चिरडतो, त्या कांद्यातही १६ गुणसूत्रेच असतात. ओंबिल आणि कांदा यांचे या आकड्यापलीकडे काही नाते नाही.

उणिवा

गुण मान्य करून आता उणिवांकडे वळू. पहिली उणीव विचाराच्या रचनेतली आहे. दोन मुंग्यांत ओंबिलीला १६ आणि हार्पेग्नॅथॉसला ६६ गुणसूत्रे आहेत, एवढ्यावरून बदल कोणत्या दिशेने झाला हे कळत नाही. दिशा कळायला आधी वंशवृक्ष हवा, आणि तो वंशवृक्ष गुणसूत्रांखेरीज इतर पुराव्यावर उभा असायला हवा. नाहीतर आपण म्हणणार, 'कमी संख्येच्या मुंग्या पूर्वजांच्या जवळच्या, कारण संख्या वाढत जाते' आणि 'संख्या वाढत जाते, कारण पूर्वजांच्या जवळच्या मुंग्यांत ती कमी आहे'. हे घाण्याभोवती फिरणे झाले. १९८४ मध्ये डीएनएवर आधारलेला मुंग्यांचा वंशवृक्ष हाताशी नव्हता. शरीररचनेवरून 'आदिम' ठरवलेल्या गटांवर भिस्त ठेवावी लागत होती.

आणि हे 'आदिम' गटच किती दगा देतात, ते पुढच्या चार वर्षांत दिसले. ऑस्ट्रेलियातील मिर्मेशिया ही प्रजाती पुष्कळ बाबतींत आदिम मानली जाते. १९८६ मध्ये क्रॉसलँड आणि क्रोझियर यांनी या प्रजातीतील एका मुंगीत गुणसूत्रांची फक्त एक जोडी असल्याचे दाखवले. कामकरी मुंगीत २, नरात अवघे १. यापेक्षा कमी असूच शकत नाही. त्याच प्रजातीतील दुसऱ्या एका जातीत मात्र ८४ गुणसूत्रे आहेत. एकाच प्रजातीत २ पासून ८४ पर्यंत पल्ला असेल, तर 'आदिम म्हणजे कमी' हे समीकरण टिकत नाही. शिवाय एक जोडीची ही मुंगी जास्त संख्येच्या जवळच्या नातलगांमधून संमीलनाने निर्माण झाली असावी असे मानले जाते. म्हणजे वाट उलट दिशेनेही चालू आहे. विखंडन वारंवार घडते, हे इमाई यांचे निरीक्षण मोलाचे आहे. ते सार्वत्रिक नियमासारखे वाचणे मात्र बरोबर नाही.

दुसरी उणीव नावांची. गुणसूत्रे अळीची पाहायची आणि जात ओळखायची प्रौढ कामकरीवरून, असे हे काम आहे. ज्या वारुळातून अळी घेतली, त्याच वारुळातील प्रौढ मुंग्या खूणचिठ्ठी लावून जपून ठेवल्या तरच पुढे कोणी आकड्याची फेरतपासणी करू शकतो. मुंग्यांच्या गुणसूत्रसूचींत आजही अनेक नोंदींपुढे प्रजातीचे नाव आणि त्यापुढे केवळ 'एक जात' एवढेच दिसते. जातीचे नाव नाही. असा आकडा म्हणजे हजेरीपटात नाव न लिहिता मांडलेली हजेरी. बारोनी उर्बानींसारखा तज्ज्ञ सोबत असणे हा या सर्वेक्षणाचा मोठा आधार होता, पण भारतीय मुंग्यांची ओळख पटवणे तेव्हा सोपे नव्हते, आजही नाही. आर. सी. रॉटन या वनाधिकाऱ्याने मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात 'आपल्या मुंग्या' अशा अर्थाचा लेख १८९२ मध्ये लिहिला. बिंगहॅम यांचा मुंग्यांवरचा ग्रंथ १९०३ चा. या पायावर उभी राहिलेली भारतीय मुंग्यांची यादी २०१६ मध्ये भारती आणि सहकाऱ्यांनी अद्ययावत केली, तेव्हा ती १०० प्रजातींतील ८२८ जाती-उपजातींवर पोहोचली.

नाव आणि संख्या यांचे नाते दुहेरी आहे, हेही मिर्मेशियानेच दाखवले. एकच जात समजल्या गेलेल्या मुंग्यांत गुणसूत्रसंख्या वेगवेगळ्या निघाल्या, म्हणून त्यांच्याकडे पुन्हा पाहिले गेले. एक जोडीच्या मुंगीला टेलर यांनी १९९१ मध्ये मिर्मेशिया क्रॉसलँडी असे स्वतंत्र नाव दिले. २०१५ मध्ये याच गटातील आणखी एका जातीला इमाई यांच्या सन्मानार्थ मिर्मेशिया इमाई असे नाव मिळाले. भारतीय सर्वेक्षणाचा असा पाठपुरावा व्हायला हवा होता. जिथे एकाच नावाखाली दोन आकडे मिळतात, तिथे दोन जाती लपलेल्या असण्याची शक्यता असते. प्रश्न विचारून ठेवलेले आहेत, उत्तरे शोधणारे हात कमी पडले.

पुण्यातील आणखी एक धडा

देवडीकरांचे नाव या यादीत अचानक आलेले नाही. देवडीकर, सी. व्ही. ठकार आणि पी. एन. शहा यांनी भारतीय मधमाश्यांच्या गुणसूत्रांवरचा निबंध १९५९ मध्येच प्रसिद्ध केला होता. १९६६ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये ठकार आणि देवडीकर यांचे फुलोरी माशीच्या गुणसूत्रसंख्येवर टिपण आले. त्या काळच्या लिखाणात फुलोरी आणि आग्या या माश्यांची एकगुणित संख्या ८, तर सातेरी आणि युरोपीय माशीची १६ असे चित्र होते. आठाचे दुप्पट सोळा, त्यामुळे संच दुप्पट होऊन नव्या माश्या निर्माण झाल्या असाव्यात, हा विचार मनाला पटण्यासारखा होता. १९७७ मध्ये फारेनहोर्स्ट यांनी चारही माश्यांत एकगुणित संख्या १६ च असल्याचे दाखवले आणि ते चित्र बदलले.

यात पुण्याच्या संशोधकांना कमी लेखण्याचे कारण नाही. माणसाच्या गुणसूत्रांचे काय झाले ते आठवावे. १९२३ मध्ये पेंटर यांनी ४८ हा आकडा सांगितला आणि तो तीस वर्षांहून अधिक काळ पुस्तकांत राहिला. नंतरच्या कित्येकांनी मोजले आणि त्यांनाही ४८ च दिसली. १९५६ मध्ये त्यो आणि लेव्हान यांनी सुधारित तंत्राने ४६ असल्याचे सिद्ध केले. पेशी फुगवण्याची युक्ती हाती येईपर्यंत गुणसूत्रे एकमेकांवर पडलेलीच दिसत होती. अपेक्षित आकडा ठाऊक असला की डोळ्याला तोच दिसतो, हा धोका पुण्यात, टेक्ससमध्ये आणि आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत सारखाच आहे.

पाठ्यपुस्तकातील 'एक संच म्हणजे नर'

बारावीच्या जीवशास्त्रात मधमाशीचे उदाहरण येते. फलित अंड्यातून मादी, तिच्यात ३२ गुणसूत्रे. अफलित अंड्यातून नर, त्याच्यात १६. मुंग्यांतही हीच पद्धत. पोलंडमधील धर्मगुरू झिअरझोन यांनी नर माशी अफलित अंड्यातून होते हे १८४५ मध्ये मांडले. तेव्हापासून हा जीवशास्त्रातील पक्का भाग आहे. पण तो सांगताना आपण 'संचाच्या संख्येवर लिंग ठरते' असे जे वाक्य जोडतो, ते अर्धे खरे आहे.

हॅब्रोब्रॅकन या गांधीलमाशीच्या नातलग कीटकावर व्हायटिंग यांनी केलेल्या कामातून कळले की, लिंग एका जनुकस्थानावर ठरते. तेथे दोन वेगवेगळे पर्याय असतील तर मादी, एकच असेल तर नर. अफलित अंड्यात एकच संच, म्हणून पर्यायही एकच, म्हणून नर. पण जवळच्या नात्यात समागम झाला तर फलित अंड्यातही दोन्ही पर्याय सारखेच येऊ शकतात, आणि मग दोन संच असलेला नर जन्मतो. मधमाशीतील हे जनुक २००३ मध्ये सापडले. असे द्विगुणित नर मुंग्यांतही आढळतात. गुणसूत्रे मोजणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर नराच्या पेशीत दुप्पट संख्या पाहून तो आपलीच काचपट्टी खोटी ठरवील.

मुंग्यांनी याहून मोठे धक्केही दिले आहेत. भारतात सर्वदूर आढळणाऱ्या पिवळ्या, लांब पायांच्या अॅनोप्लोलेपिस ग्रॅसिलिपेस या मुंगीचे नर दोन वेगळ्या वंशांच्या पेशींचे मिश्रण असतात, हे २०२३ मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाले. अंड्यात शुक्रपेशी शिरते, पण दोघांची केंद्रके एक होत नाहीत, दोन्ही आपापली विभागत राहतात. फलन झाले म्हणावे की नाही? आगमुंगीत १६ गुणसूत्रांपैकी एका गुणसूत्राच्या दोन रूपांवर वारुळात एक राणी राहील की अनेक, हे अवलंबून असल्याचे २०१३ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवले गेले. येथे संख्या तीच राहते, फरक गुणसूत्राच्या आतल्या मांडणीत आहे. नुसती मोजणी करणाऱ्याला तो दिसलाच नसता. २०१० मध्ये हार्पेग्नॅथॉसचा जनुकसंच वाचला गेला, पण तो तुकड्यातुकड्यांत होता. ते तुकडे किती गुणसूत्रांत बसवायचे, हे सांगायला जुनी काचपट्टीच उपयोगी पडते. दोन्ही पद्धती एकमेकींच्या साक्षीदार आहेत.

त्याचप्रमाणे 'बहिणी-बहिणींत पाऊण नाते, म्हणून मुंग्या समाजशील' हे विधानही सांभाळून करावे. हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये दाखवलेले गणित बरोबर आहे : बापाकडून सर्व बहिणींना तोच संच मिळतो, म्हणून एकाच आईबापाच्या बहिणींत नाते तीन-चतुर्थांश. पण राणीने अनेक नरांशी समागम केला, किंवा वारुळात राण्याच अनेक असल्या, तर नाते घटते. बंगळूरच्या राघवेंद्र गदगकर यांच्या गटाने रोपॅलिडिया मार्जिनाटा या आपल्याकडच्या गांधीलमाशीत राणीचा अनेक नरांशी समागम होत असल्याचा पुरावा १९८६ मध्येच दिला. आणि वाळवीत नर-मादी दोघेही द्विगुणित असून तिचा समाज मुंग्यांच्या तोडीचा आहे. गणित कारणांपैकी एक आहे, सगळे कारण नव्हे.

आपण काय करावे?

कॉल्चिसिन विषारी आहे. मुंग्यांची गुणसूत्रे शाळेत पाहण्याचा प्रयत्न करू नये, आणि त्यासाठी वारुळे खणू नयेत. पण या सर्वेक्षणातून शिकण्यासारखे आणि करण्यासारखे पुष्कळ आहे.

कांद्याच्या मुळाचा प्रयोग होतोच. तो करताना विद्यार्थ्याला १३ किंवा १५ गुणसूत्रे दिसली, तर आपण सहज म्हणतो, 'वहीत १६ लिही.' असे करणे थांबवावे. प्रत्येकाने पाच स्वच्छ पेशी मोजाव्यात आणि जे दिसले ते लिहावे. सगळ्या वर्गाचे आकडे फळ्यावर एका कोष्टकात मांडावेत. बहुतेक आकडे १६ च्या आसपास किंवा थोडे खाली जमतील. वर का कमी आणि खाली का जास्त, याची चर्चा करावी. एका गुणसूत्रावर दुसरे पडते ही चूक नेहमी खालच्या बाजूला ओढते, हे मुलांच्याच लक्षात येईल. पेंटर आणि त्यो-लेव्हान यांची गोष्ट सांगण्याची वेळ हीच.

दुसरे काम कागदावरचे. नर मुंगीला आई असते, बाप नसतो. मादीला दोघेही. यावरून एका नराचे पूर्वज पिढीगणिक मोजा : १, २, ३, ५, ८... ही मालिका मुले गणिताच्या तासाला ओळखतील. नराला आजोबा असतो पण बाप नसतो, हे कोडे सातवीच्या मुलालाही सुटते.

तिसरे काम आपल्या परिसरातले. भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा ही गावे ओलांडून उत्तनकडे जाताना डोंगरी लागते. एका बाजूला खाडी आणि समुद्र, दुसऱ्या बाजूला झाडीची टेकडी. मेट्रो मार्ग ९ च्या कारशेडसाठी येथील झाडे तोडण्याचा प्रश्न २०२५ मध्ये बराच गाजला. त्या वादात झाडांचे आकडे मांडले गेले. मुंग्या कोण मोजणार? एखाद्या आंब्यावरचे ओंबिलांचे घरटे गेले म्हणून ओंबिल ही जात संपणार नाही, ती दक्षिण आशियाभर आहे. पण टेकडीच्या पालापाचोळ्यात, कुजक्या ओंडक्यात कोणत्या मुंग्या आहेत याची यादीच नसेल, तर काय गेले हेही कधी कळणार नाही. गुणसूत्रे मोजण्याच्या आधी नाव लागते, आणि नावाच्या आधी ठिकाण व तारीख घातलेली नोंद लागते. ही पहिली पायरी डोंगरीतील, किंवा अशा कोणत्याही गावातील शाळेला करता येते. पहिल्या पावसानंतर दिव्याखाली पडलेल्या पंखांच्या मुंग्या गोळा कराव्यात, त्या अल्कोहोलमध्ये ठेवून वर ठिकाण, तारीख आणि वेळ लिहावी. बारीक, एकसारखे, मोठ्या डोळ्यांचे बहुधा नर, जाडजूड पोटाच्या राण्या. कोणत्या झाडावर कोणत्या मुंग्या, कोणत्या महिन्यात पंख फुटतात, याची वही वर्षानुवर्षे चालू ठेवावी. ती वही पुढे एखाद्या महाविद्यालयातील अभ्यासकाला उपयोगी पडेल.

शेवटी निबंधाबद्दल. १९८४ चे हे सर्वेक्षण पुरे झालेले काम म्हणून वाचले तर त्यातील सिद्धांत आज तोकडा वाटेल आणि काही नोंदी नावाविना पोरक्या दिसतील. कामाची सुरुवात म्हणून वाचले तर त्याचे मोल मोठे आहे : एकाच पद्धतीने, उघड्या डोळ्यांनी, अनेक प्रयोगशाळांनी मिळून भारतीय मुंग्यांकडे पाहिले आणि दुसऱ्याला तपासता येईल असे लिहून ठेवले. ते तपासायला पुढे फारसे कोणी आले नाही, ही तक्रार त्या अकरा लेखकांकडे करता येणार नाही. २०१० च्या सूचीत जेमतेम ७५० जाती होत्या, आणि जगात नावे मिळालेल्या मुंग्या १४,००० हून अधिक आहेत. आपल्या आंब्यावरच्या ओंबिलीचा आकडा माहीत आहे, तिच्याच बुंध्याखालून जाणाऱ्या काळ्या मुंगीचा असेलच असे नाही. विद्यार्थ्याने 'सर, हिची किती?' असे विचारले, तर सूचीत पाहून सांगावे, आणि सूचीत नसेल तर अजून कोणी मोजलेली नाहीत असे सरळ सांगावे.